बाद बाटल्यांचं टेबल

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला.

समजा, तुम्ही एका शाळेच्या मोठ्या हॉलच्या दारात उभे आहात. बाहेर बेंगळूरच्या जे. पी. नगरचं मे महिन्यातलं ऊन, आत पंख्यांची घरघर. भिंतीलगत लांबलचक टेबलं, त्यांवर पांढऱ्या चादरी आणि खिडक्यांच्या उजेडात ओळीनं मांडलेल्या मधाच्या बाटल्या. एखादीचा रंग पातळ चहासारखा, एखादीचा नव्या गुळासारखा, तर एखादी थेट कॉफीच्या डिकॉक्शनसारखी काळीभोर. ऊन त्यांच्यातून आरपार जातं आणि चादरीवर पिवळे-तांबूस कवडसे पडतात. दीर्घ श्वास घ्या. मेणाचा, फुलांचा आणि थोडा जुन्या लाकडाचा वास येतो ना? तो मधपेट्यांचा वास.

आता ओळखा पाहू, यातली तुमच्या घरची बाटली कोणती?

नाही ओळखता यायची. मधपाळ संघाचा नियमच तसा आहे. वर्षातून एकदा हे प्रदर्शन भरतं, आणि ज्याला स्पर्धेत उतरायचं त्याला संघाकडूनच बाटली मिळते. सगळ्यांना सारखी. वर नाव नाही, गाव नाही, नुसता एक क्रमांक. मध कुणाच्या माश्यांनी केला हे परीक्षकाला कळता कामा नये.

त्या सकाळी संहिता दारात उभी राहून हेच कोडं सोडवत होती. पण ती आपल्या घरची बाटली शोधत नव्हती. ती आत्याची बाटली शोधत होती.

आत्या घर सोडून कशी गेली, ते आधी ऐका. अहल्याआजी वारली, त्यानंतर चामराजपेटच्या घराच्या गच्चीवर तिच्या मधपेट्या तेवढ्या मागे राहिल्या. शेजारच्या मुलाला माशी चावली, त्याचा ओठ सुजला, आणि संहिताचे बाबा, श्रीहर्ष, वैतागून म्हणाले, "पेट्या विकून टाकू." त्यांची थोरली बहीण मनस्विनी, म्हणजे आत्या, तेव्हा गच्चीलगतच्या खोलीत राहायची. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि घरी आल्यावर संहिताला. ती म्हणाली, "आईच्या पेट्या गेल्या तर मीही जाते." बाबा रागाच्या भरात म्हणाले, "जा."

बस्स. दुसऱ्याच दिवशी अर्ध्या पेट्या टेम्पोत घालून आत्या जे. पी. नगरला भाड्याच्या घरात गेली. आणि गंमत बघा, उरलेल्या पेट्या बाबांनी काही विकल्या नाहीत. माश्यांना भिणारा तो माणूस जाळीची टोपी आणि जाड हातमोजे घालून दर रविवारी गच्चीवर जाऊ लागला.

माश्यांचंही असंच असतं, हे संहिताला आत्यानंच शिकवलं होतं. पोळ्यात दाटी झाली की म्हातारी राणी अर्ध्या माश्या घेऊन बाहेर पडते. उरलेल्या माश्या नव्या राणीबरोबर जुन्या घरात राहतात.

"मग त्या परत कधी येतात?" संहितानं विचारलं होतं.

"येत नाहीत."

"विसरतात?"

"नाही गं. वाट ठाऊक असते. पण येत नाहीत," आत्या म्हणाली होती.

तेव्हा संहिताला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नव्हतं. आता दिसत होतं. कारण आज सकाळीच, केस विंचरता विंचरता, आजोबांच्या तोंडून निसटून गेलं होतं. आत्यानं कॉलेजची नोकरी सोडली. शिरसीला मधपाळांना शिकवण्याचं काम तिनं घेतलं. याच आठवड्यात ती पेट्यांसकट निघणार. बेंगळूर सोडून.

म्हणजे आज बाबांनी तिला घरी बोलावलं नाही, तर पुन्हा कधी बोलावणार?

"अगं दारात काय उभी राहिलीस? आत चल, लोकांना जायला जागा दे," आई मागून म्हणाली. आईच्या, म्हणजे मुग्धाच्या, हातात मधाच्या केकचा डबा होता. ती पुण्याची, आयटीतली. लग्न होऊन आली तेव्हा मधमाशी आणि गांधीलमाशी यांतला फरकसुद्धा तिला कळत नव्हता असं आजी सांगायची. आता पाककृतींच्या स्पर्धेत तिचा केक दरवर्षी असायचा.

नोंदणीच्या टेबलापाशी बाबा बाटली रुमालानं पुसत होते. पुसून झाली की उजेडाकडे धरायचे आणि पुन्हा पुसायचे.

"किती पुसशील? काच झिजेल ना," आई म्हणाली.

"बोटाचा ठसा दिसला तरी गुण कापतात."

"श्रीहर्ष, सोडा आता ती बाटली," टेबलामागचे हयवदनकाका हसले. ते संघाचे चिटणीस, चामराजपेटचेच. घरी कन्नड, पण मराठी शेजारात वाढल्यामुळं मराठी तोंडात बसलेलं. "ती काय सासरी निघाली नाही. संध्याकाळी परत देतो."

बाबांनी बाटली दिली, पण डोळे तिच्यावरच.

"यंदा पहिलं बक्षीस का?" हयवदनकाकांनी विचारलं.

"यंदा हवंच," बाबा म्हणाले. ते हसत नव्हते.

मुलांची स्पर्धा मंचावर होती. डोळ्यांवर पट्टी बांधायची, जिभेवर चमच्यानं मध ठेवला जायचा आणि तो कुठल्या फुलांचा ते सांगायचं. संहिताला ही विद्या चांगली येत होती. घाई करायची नाही. आधी जिभेचं टोक, मग टाळू, मग गिळायचं आणि थांबायचं. मध गेल्यावर तोंडात जे मागे राहतं, ते त्याचं खरं नाव. जांभूळ तुरट असतं, निलगिरी थंड लागते, कॉफीच्या फुलांचा मध सौम्य, आणि करंजाचा, इथले लोक ज्याला होंगे म्हणतात त्याचा, शेवटी किंचित कडू.

पहिले सगळे तिनं बरोबर सांगितले. शेवटचा चमचा तोंडात होता, तेवढ्यात खालून एक आवाज आला.

"नमस्कार हो, हयवदन. उशीर झाला. सकाळी कॉलेजातली माझी पुस्तकं आणायला गेले, तर येताना पस्तीस नंबरच्या बसनं अर्धं शहर दाखवलं."

संहितानं मध गिळून टाकला.

"हं, सांग पुट्टी. कुठलं फूल?" मंचावरून हयवदनकाकांनी विचारलं; पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी मुलगी.

"आत्या," संहिता म्हणाली.

सगळा हॉल हसला. तिनं पट्टी ओढून काढली, मंचावरून उडी मारली आणि धावत जाऊन आत्याच्या कमरेला मिठी घातली. आत्याच्या साडीला तोच वास होता, मेणाचा आणि खडूचा.

"अय्यो, पाडशील मला! बघू, बघू तोंड. केवढी उंच झालीस! आणि तो सुळा आला का नीट? मुग्धा म्हणाली, वाकडा येतोय म्हणून."

संहितानं मिठी सैल केली. "आई कधी म्हणाली?"

आत्याचं हसू जागच्या जागी थांबलं. तिनं मान वळवून आईकडे पाहिलं. आई केक कापायच्या सुरीकडे पाहू लागली.

"आई, तू आत्याला भेटतेस?"

"अगं, म्हणजे नेहमी नाही. ऑफिसातून येताना वाटेत पडतं ना, म्हणून कधीतरी."

"तुझं ऑफिस व्हाइटफील्डला आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला!"

आजोबा शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी हळूच वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं. तेवढं पुरे झालं.

"अज्जा, तुम्ही पण?"

"मी आपला वाचनालयात जातो," आजोबा वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"वाचनालयात तुम्हाला बिसीबेळे भात कोण देतं मग?" आत्यानं विचारलं. "मागच्या गुरुवारी दोनदा वाढून घेतलात."

"मनू, तू गप्प राहा गं. सून आधीच अडकली आहे, मला कशाला ओढतेस?"

ते हसले, आत्या हसली, आईही हसायला लागली. संहिता हसली नाही.

"मग मला का नाही नेलं?"

शेवटी आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "पुट्टी, तुझ्या पोटात काही राहत नाही. तू घरी येऊन सगळं हर्षाला सांगितलं असतंस."

"मी रोज गच्चीवर जाऊन तिच्या खोलीच्या खिडकीतून बघायचे," संहिता म्हणाली. "रोज. आणि तुम्ही सगळे इथं येऊन भात खात होतात."

आत्यानं तिचा हात धरायला हात पुढे केला. संहितानं तो धरू दिला नाही. वळली, तर मागे बाबा उभे होते. ते कधीपासून उभे होते कोण जाणे.

"म्हणजे सगळेच," बाबा म्हणाले. मोठ्यानं नाही. नुसतं म्हणाले. मग आत्याकडे न पाहता ते दाराकडे चालू लागले.

"हर्षा—" आजोबा उठायला लागले.

"बसा हो अप्पा. उगीच गुडघे दुखतील," बाबा म्हणाले आणि बाहेर गेले.

आता त्या कुटुंबात ज्यांना या भेटींबद्दल काहीच ठाऊक नव्हतं अशी दोनच माणसं होती. त्यातलं एक शाळेच्या पायरीवर जाऊन बसलं. दुसरं त्याच्या शेजारी जाऊन बसलं.

मैदानाच्या कडेनं होंगेची झाडं होती. बहर ओसरत आला होता, खाली पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा सडा पडला होता.

"तुम्हाला माहीत होतं, ती शिरसीला चाललीय?" संहितानं विचारलं.

"आज कळलं. तुझ्याबरोबरच."

"मग तिला घरी बोलवा ना."

बाबांनी एक फूल उचललं, बोटांत फिरवलं. "तिची खोली मागायला किती लोक आले, माहीत आहे? तो यशवंतपूरचा व्यापारी तर आगाऊ भाडं घेऊन उभा होता. मी कुणाला दिली?"

"नाही."

"मग? तिला कळायला नको?"

"तिला कसं कळेल? तुम्ही सांगितलंत?"

बाबांनी फूल खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुला सांगतो, पण आत जाऊन बोलू नकोस. मला वाटलं होतं, यंदा पहिलं बक्षीस मिळालं की ते तिच्या हातात द्यायचं. बघ म्हणायचं, आईच्या माश्या मी नीट सांभाळल्या. मग पुढचं काही बोलावंच लागलं नसतं."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर काय," बाबा म्हणाले.

आत परीक्षण सुरू झालं होतं. संहिता परत आली आणि दोरीच्या अलीकडे, अगदी पुढं जाऊन उभी राहिली.

मधाची परीक्षा कशी घेतात, बघा. आधी बाटली उजेडापुढं धरायची. आत मेणाचा कण, बुडबुडा, गढूळपणा काही नको. मग वेगळ्या कुपीतून दिलेल्या नमुन्याचा थेंब दुर्बिणीसारख्या एका छोट्या यंत्राच्या काचेवर ठेवून मधात पाणी किती ते पाहायचं. मग झाकण काढायचं आणि लगेच, अगदी त्याच क्षणी, नाक बाटलीपाशी न्यायचं, कारण बंद बाटलीतला पहिला वास एकदाच मिळतो. चव सगळ्यात शेवटी.

परीक्षक बाई शेतकी कॉलेजातल्या होत्या. त्यांनी एका बाटलीचं झाकण काढलं, वास घेतला आणि भुवया वर केल्या. पुन्हा वास घेतला. ती बाटली त्यांनी बाजूला सरकवली. ओळीत पुढं जाता जाता त्या आणखी एका बाटलीपाशी तशाच थांबल्या. या वेळी पहिली बाटली परत उचलून त्यांनी एकदा हिचा, एकदा तिचा वास घेतला.

"हयवदन सर, इकडे या. हे दोन्ही बघा. मध चोख आहे. पाणी बरोबर, रंग सुरेख. पण धूर!"

"धूर?"

"मध काढताना फार धूर दिलाय. वास मधात उतरलाय. बाद करावे लागतील. आणि नवल सांगू? दोन्हीत एकच धूर आहे. नारळाच्या शेंडीचा नाही नुसता. देवघरात गेल्यासारखं वाटतंय."

हयवदनकाकांनी वास घेतला. घेतला आणि चष्मा काढून ते सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले.

"अहल्यम्मा," ते पुटपुटले.

संहितालाही त्याच क्षणी कळलं. पेटी उघडण्याआधी माश्यांना धूर देतात, म्हणजे त्या शांत होतात. सगळे मधपाळ त्यासाठी नारळाची शेंडी नाहीतर गोणपाट जाळतात. अहल्याआजी त्यात देवावरचं निर्माल्य घालायची. वाळलेली शेवंती, मरवा, दवणा. आजी म्हणायची, हे गटारात टाकवत नाही, आणि वृषभावती नदीचं पाणी आता असं झालंय की त्यात देवाचं फूल सोडायला मन घेत नाही. म्हणून ती ते गच्चीवर वाळवायची आणि डब्यात भरून ठेवायची. साऱ्या बेंगळुरात असा धूर दुसरं कुणी करत नव्हतं. पण आजी दोनच फुंकरी द्यायची. दोन फुंकरी, आणि धुराचं भांडं खाली.

हयवदनकाकांनी दोन्ही बाटल्यांवरचे क्रमांक नखानं खरवडून काढले. संघाची ही जुनी रीत. बाद झालेली बाटली कुणाची ते चारचौघांत कळू नये म्हणून तिचा क्रमांक काढायचा आणि ती बाजूच्या दरवाजापाशी, मागच्या टेबलावर ठेवायची. ज्याची असेल त्यानं गर्दी पांगल्यावर गुपचूप उचलून न्यायची. तिथं कोण जातंय हे बघायचं नाही, असाही एक न लिहिलेला नियम होता. सगळे तो पाळत.

त्या वर्षी त्या टेबलावर दोनच बाटल्या होत्या, आणि दोन्हींसमोर 'धूर' अशी चिठ्ठी.

बक्षिसं वाचली गेली. पहिलं कनकपुऱ्याच्या एका बाईंना, दुसरं बन्नेरघट्ट्याकडच्या कुणाला. आईच्या केकला उत्तेजनार्थ मिळालं, आणि आजोबांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की लोक वळून पाहू लागले. आपला क्रमांक कुठंच आला नाही हे बाबांनी ऐकलं. आत्यानंही ऐकलं.

मग बाबा एका टेबलावरच्या, मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या बघत बघत मागच्या टेबलाकडे सरकले. पलीकडून आत्या भिंतीवरचे तक्ते वाचत वाचत तिकडेच आली. दोघांनी एकदमच मान वर केली.

"तू?" बाबा म्हणाले.

"मी. आणि तू?"

"धूर," बाबा म्हणाले.

"धूर," आत्याही म्हणाली.

संहिता मेणबत्त्यांच्या टेबलाआड उभी होती. तिनं श्वास रोखून धरला.

"तू अजून निर्माल्यच जाळतोस?" आत्यानं विचारलं.

"मग काय जाळू? आई तेच जाळायची."

"आई दोन फुंकरी द्यायची, हर्षा. तू पेटी भाजून काढत असशील."

"मला भीती वाटते गं त्यांची. झाकण उचललं की अंगावर येतात. धूर थांबवायला हातच धजत नाही." बाबा थोडे लाजून हसले. मग त्यांना काहीतरी सुचलं. "पण तुला कुठं भीती वाटते? तू तर उघड्या हातानं चौकटी काढतेस. तुझ्या मधात धूर कसा?"

बाटलीच्या झाकणावरून आत्या बोट फिरवत राहिली.

"पेटीला पुरे झाला होता," ती म्हणाली. "मला पुरत नव्हता."

बाबांनी तोंड उघडलं. संहितानं मनातल्या मनात म्हटलं, आता. आता म्हणा. घरी ये म्हणा.

"शिरसीला पाऊस फार असतो," बाबा म्हणाले. "पेट्यांवर पत्रा घाल."

"घालीन."

"दगड ठेव वर. वाऱ्यानं उडतो."

"ठेवीन."

"सरी मग," बाबा म्हणाले, म्हणजे बरं तर.

"सरी." आत्यानं पदर खोचला. "निघते. सामान बांधायचंय." तिनं बाटलीला हात घातला आणि थांबली. "माझी कुठली रे?"

दोघांनी पाहिलं. बाटल्या एकसारख्या, रंगही एकसारखा, क्रमांक खरवडलेले.

"ही असेल."

"असेल नको. तुझा मध मी कशाला नेऊ?" आत्या म्हणाली. ते बोलणं कडू नव्हतं, नुसतं दमलेलं होतं. मग तिची नजर मेणबत्त्यांकडे गेली. "संहिता, तिथून दिसतेस तू. ये इकडे. चाखून सांग, कुठला कुणाचा."

संहिता आली. आत्यानं दोन्ही झाकणं काढली. पहिल्या बाटलीत संहितानं चमच्याचं टोक बुडवलं, जिभेवर ठेवलं, टाळूला लावलं, गिळलं आणि थांबली. तुळस. शेवग्याचं फूल. बाजारातल्या हारांमधून उचललेलं कायकाय. आपली गच्ची. मग दुसरा. हा जरा दाट होता, आणि सगळं गेल्यावर मागे किंचित कडू राहिलं. होंगे. याच रस्त्यावरची झाडं. आत्याची खिडकी कुठल्या झाडासमोर असेल, ती सकाळी उठून काय बघत असेल, हे सगळं त्या कडूपणात होतं, आणि यातलं काहीच संहितानं पाहिलेलं नव्हतं.

आणि दोन्ही मधांच्या मागे, अगदी शेवटी, तोच एक धूर होता.

"कळलं?" बाबांनी विचारलं.

"कळलं."

"मग सांग ना."

"घरी सांगते."

"घरी म्हणजे?"

"आपल्या घरी. इथं नाही सांगणार."

"संहिता, हट्ट नको," बाबा म्हणाले. "आत्याला उशीर होतोय."

"माझ्या पोटात काही राहत नाही म्हणता ना तुम्ही सगळे?" तिनं चमचा खाली ठेवला. "हे राहील. शिरसीला गेली तरी राहील."

आत्यानं तोंडावर पदर धरला. हसायला, की दुसऱ्या कशाला, ते कळलं नाही. हॉलच्या दुसऱ्या टोकाला आजोबा आणि आई केकचा डबा हातात घेऊन उभे होते. आजोबांनी पुढं टाकलेलं पाऊल आईनं त्यांचा दंड धरून थांबवलं. बाबा आत्याकडे पाहत होते. आत्या बाबांकडे. दोघंही बोललं पाहिजे हे जाणत होते, आणि दोघंही दुसऱ्यानं आधी बोलावं म्हणून थांबले होते.

बाळांनो, मोठी माणसं अशी किती वेळ उभी राहू शकतात, याचा तुम्हाला अंदाज नाही. वर्षं जातात.

संहितानं दोन्ही झाकणं घट्ट लावली. एक बाटली डाव्या काखेत घेतली, एक उजव्या. बाजूच्या दारानं ती बाहेर पडली, होंगेच्या फुलांवरून चालत फाटकापाशी गेली. तिथं एक रिक्षा उभी होती. ती आत चढली.

"यल्लिगे, पुट्टी?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"चामराजपेट."

त्यानं मीटरला हात घातला.

"स्वल्प इरी, अण्णा," संहिता म्हणाली, थोडं थांबा. "इन्नू इब्बरु बरतारे." अजून दोघं यायची आहेत.

मग ती सीटच्या अगदी मधोमध सरकली, दोन्ही बाजूंना जागा सोडून, आणि दोन्ही बाटल्या मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसली.